मगमधला चॉकलेट केक : एक राशिविचार

प्रास्ताविक

पथ्यापथ्य सांगताना आपण वैद्यमंडळी बहुधा भात, भाकरी, दही, डाळी आणि फळे यांविषयीच बोलतो. रुग्णाचे स्वयंपाकघर मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ बदलले आहे. नेवाशासारख्या तालुक्याच्या गावीही अनेक घरांच्या ओट्यावर मायक्रोवेव्ह ओव्हन आला आहे. त्यात भाजी गरम होते, पापड भाजला जातो आणि रात्री अकरा वाजता दीड-दोन मिनिटांत एका मगमध्ये चॉकलेट केकही तयार होतो. हा केक एका व्यक्तीपुरता असतो. चमच्याने मगमध्येच कालवायचा, मगमध्येच शिजवायचा आणि त्याच मगमधून खायचा, अशी त्याची सुटसुटीत पद्धत आहे.

असा पदार्थ आपल्या नियतकालिकाचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका काही वाचकांना येईल. प्रस्तुत लेखिकेलाही पूर्वी तसेच वाटत असे. परंतु एका रुग्णाच्या निमित्ताने या मगकडे लक्ष द्यावे लागले आणि चरकाचार्यांच्या ‘राशि’ या संकल्पनेचा अर्थ नव्याने ध्यानी आला. तो अनुभव, या पदार्थाचे शास्त्र आणि रुग्णास द्यावयाचा व्यवहार्य सल्ला असे तीन भाग सदर लेखात मांडले आहेत.

रुग्णानुभव

सुमारे दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ४८ वर्षे वयाच्या एक गृहिणी प्रमेहासाठी चिकित्सेत होत्या. आधुनिक वैद्यकाच्या गोळ्या चालू होत्या, सोबत आपले औषध होते. पथ्य चोख होते. भाकरी मोजून, चहा बिनसाखरेचा आणि सणावारालाही पुरणपोळी अर्धीच. असे असूनही सहा महिन्यांत उपाशीपोटीची रक्तशर्करा १२६ वरून १७८ वर गेली आणि एचबीएवनसी ७.० वरून ८.३ झाले.

मी काढा बदलला. झोपेची चौकशी केली, मानसिक ताणाविषयी विचारले, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का हेही तपासले. काहीच उलगडेना. शेवटी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात गेलेली प्रत्येक वस्तू वेळेसह लिहून आणण्यास सांगितले. लिहिण्याचे काम बारावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने केले आणि तिने प्रामाणिकपणे एक ओळ लिहिली : ‘रात्री १०.४५ – मग केक.’ आठवड्यातील पाच रात्री हीच नोंद होती. मुलगी अभ्यासासाठी जागत असे, आई सोबतीला जागी राही. केक एकाच व्यक्तीपुरता असल्यामुळे दोघींचे दोन मग होत.

याविषयी विचारले असता त्या संकोचून म्हणाल्या, “मॅडम, रागावू नका. मायक्रोवेव्हमधलं काही खाऊ नका, असं तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून बोलायचा धीर झाला नाही. आणि असतो तरी किती, कपभरच तर असतो.”

या उत्तरात दोन चुका होत्या आणि त्यांपैकी पहिली माझी होती. काही वर्षांपूर्वी ऐकीव माहितीवर विसंबून मी रुग्णांना ‘मायक्रोवेव्हमधील अन्न निःसत्त्व असते, ते टाळा’ असे सरसकट सांगत असे. आधाराशिवाय केलेल्या त्या निषेधाने त्या घरातील मायक्रोवेव्ह बंद झाला नाही, फक्त रुग्णाने मला सांगणे बंद केले. दुसरी चूक ‘कपभर’ या शब्दाची होती. मराठी माणसाच्या मनात कप म्हणजे चहाचा कप. भांडे लहान म्हणजे आहार लहान, असे आपण गृहीत धरतो. त्या कपात काय आहे, हे कोणी मोजलेले नव्हते.

हा केक आला कोठून आणि होतो कसा

मायक्रोवेव्ह आणि चॉकलेट यांचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरली जाई. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर १९४५ मध्ये अशा नळीजवळ काम करीत असता त्यांच्या खिशातील चॉकलेटची वडी वितळली आणि त्यावरून अन्न तापविण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९४७ मध्ये व्यावसायिक वापराचा पहिला ओव्हन विक्रीस आला. ओट्यावर ठेवता येईल असा घरगुती ओव्हन १९६७ मध्ये अमेरिकेत आला.

आपल्याकडे ओव्हन नसतानाही केक होत असे. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये रव्याचा केक भाजण्याची पद्धत अनेक वाचकांना आठवत असेल. त्यासाठी पाऊण तास लागे, घरभर वास सुटे आणि तयार झालेला केक सर्वांत वाटला जाई. मगमधील केकची पाककृती इंटरनेटमुळे घरोघरी पोहोचली आणि ती रीत पालटली. वेळ पाऊण तासावरून दीड मिनिटावर आला आणि वाटेकरी एकच उरला.

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये सुमारे २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारितेच्या विद्युत्चुंबकीय लहरी निर्माण होतात. पाण्याच्या रेणूला धन व ऋण अशी दोन टोके असतात. लहरींमधील विद्युत्क्षेत्र सतत दिशा बदलते, त्याबरोबर हे रेणू वळण्याचा प्रयत्न करतात आणि शेजारच्या रेणूंवर आदळतात. त्यातून उष्णता निर्माण होते. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटर शिरतात, पुढील उष्णता वहनाने पोहोचते. मगची जाडी इतकीच असल्यामुळे पीठ जवळजवळ सर्व बाजूंनी एकदम तापते. बेकिंग पावडरमधील सोडा व आम्ल यांच्या संयोगाने कर्बवायू सुटतो, पाण्याची वाफ होते, पीठ फुगते आणि पिठातील स्टार्च व प्रथिने घट्ट होऊन तो फुगीरपणा टिकवितात.

या पद्धतीत चॉकलेटचाच केक लोकप्रिय का, यालाही कारण आहे. ओलावा असेपर्यंत मायक्रोवेव्हमधील पिठाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. त्यामुळे भट्टीतल्या केकप्रमाणे वरचा थर तांबूस व खमंग होत नाही. साधा केक या पद्धतीने केल्यास फिकट आणि कच्चा दिसतो. कोकोचा गडद रंग व तीव्र स्वाद ही उणीव झाकतो. पाक होण्याची मर्यादाही फार अरुंद असते. स्नेहपाकातील मृदू, मध्यम आणि खर या अवस्था आपणांस परिचित आहेत. मगमधील केक मृदू अवस्थेतून खर अवस्थेत अवघ्या पंधरा-वीस सेकंदांत जातो. मग तो रबरासारखा चिवट लागतो व गार झाल्यावर अधिकच कडक होतो. म्हणून तो गरम असतानाच संपविला जातो. उद्यासाठी राखून ठेवावा, असा हा पदार्थच नाही. वैद्यकीय दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

मायक्रोवेव्हविषयी भय व वस्तुस्थिती

या लहरी क्ष-किरणांसारख्या आयनीकारक नाहीत. त्या अन्नाला किरणोत्सर्गी करीत नाहीत आणि ओव्हन बंद होताच लहरीही थांबतात, अन्नात त्यांचा साठा राहत नाही. जीवनसत्त्वांचा नाश मुख्यतः तापमान, वेळ आणि पाण्याचे प्रमाण यांवर अवलंबून असतो. थोड्या वेळात, थोड्या पाण्यात शिजविलेल्या अन्नात तो उकळलेल्या अन्नापेक्षा अधिक होतो, असे म्हणता येत नाही. तेव्हा ‘मायक्रोवेव्हचे म्हणून वर्ज्य’ हा उपदेश आपण सोडून द्यावा, असे नम्र मत आहे.

खऱ्या अडचणी निराळ्या आहेत. एक, ओव्हनमध्ये उष्णता सारखी पसरत नाही, काही भाग तप्त तर काही कोमट राहतो. अंडे घातलेल्या केकचा मधला भाग ओला राहिल्यास जंतुसंसर्गाचा संभव असतो. कच्चे पीठही निर्जंतुक नसते. दोन, मगचा कान थंड लागला तरी आतील गर अतिशय तप्त असू शकतो. लहान मुलांची जीभ व टाळू यामुळे पोळतात. तीन, सोनेरी कड असलेला कप, स्टील, तांबे वा पितळ यांची भांडी आणि मेलामाइनचे कप वापरू नयेत. काचेचा किंवा चिनीमातीचा, मायक्रोवेव्हसाठी योग्य म्हणून विकला जाणारा कप घ्यावा.

आहारविधीच्या आठ आयतनांतून पाहता

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. संहितेत नाव नसलेल्या पदार्थाचा निर्णय करण्यासाठी ही उत्तम कसोटी आहे.

प्रकृती : मैदा पिष्टमय व गुरू. साखर मधुर, शीत, कफकर. तेल किंवा लोणी स्निग्ध व गुरू. कोको हे मूळचे अमेरिका खंडातील फळाचे बीज असून आज केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडूत त्याची लागवड होते. आपल्या संहितांत त्याचे वर्णन नाही. रसावरून अनुमान केल्यास साखरेविना कोको तिक्त-कषाय आहे. त्याचा हा गुण केकमधील साखर व स्नेह यांनी पूर्णपणे झाकला जातो. म्हणून ‘कोको हृदयास हितकर’ या जाहिरातीतील विधानाचा लाभ केकला देता येत नाही.

करण : म्हणजे संस्कार. जल, अग्नी, मंथन, काल आणि भाजन यांनी द्रव्यात गुणान्तर होते, हे आपण जाणतोच. येथे अग्निसंस्कार अल्पकालीन आहे. पीठ भिजून मुरत नाही, भाजलेही जात नाही, केवळ वाफेवर घट्ट होते. अशा पिष्टान्नास लघू म्हणता येणार नाही.

संयोग : ‘आरोग्यदायी’ म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या काही पाककृतींत साखरेऐवजी मध घालून तो शिजविला जातो. तापविलेला मध निषिद्ध, हे आपले प्रसिद्ध मत आहे. आधुनिक दृष्टीनेही मध तापविल्यास हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल या द्रव्याचे प्रमाण वाढते. दूध व आंबट फळे एकत्र असलेल्या कृतीही टाळाव्यात.

देश : द्रव्याचा आणि उपयोक्त्याचा असा दोन्ही बाजूंनी देशविचार करावयाचा असतो. नेवासा परिसर उसाचा आहे. तालुक्यात सोनई व भेंडे येथे सहकारी साखर कारखाने आहेत. गोड हे येथे परक्या ठिकाणाहून आलेले नाही आणि त्यामुळेच ‘साखर वाईट, पण गूळ चालतो’ हा समज दृढ आहे. गुळात काही खनिजे असली तरी त्याचा मोठा भाग सुक्रोजच असतो. प्रमेहाच्या हेतूंत नवान्न व दुग्ध यांबरोबर गुडवैकृत म्हणजे गुळापासून केलेले पदार्थही सांगितले आहेत, याचे स्मरण रुग्णास अवश्य द्यावे.

काल : हा केक बहुधा रात्रीच्या जेवणानंतर दोन-अडीच तासांनी खाल्ला जातो. आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे म्हणजे अध्यशन. भोजन झाल्यावर गुरू पिष्टमय पदार्थ खाऊ नयेत, भूक असताना खाल्ले तरी मात्रेनेच खावेत, असा स्पष्ट निर्देश चरकसंहितेच्या मात्राशितीय अध्यायात आहे. मगमधील केकला हा नियम तंतोतंत लागू पडतो.

उपयोगसंस्था : आहार उष्ण, स्निग्ध, मात्रायुक्त, पूर्वीचे अन्न जिरल्यावर आणि तन्मनस्क होऊन घ्यावा. यांतील पहिल्या दोन अटी केक पूर्ण करतो. उरलेल्या बहुधा पाळल्या जात नाहीत, कारण एका हातात मग आणि दुसऱ्या हातात मोबाइल असतो.

उपयोक्ता : खेळणारा, तीक्ष्णाग्नी असलेला सोळा वर्षांचा मुलगा आणि मंदाग्नी असलेली स्थूल मध्यमवयीन व्यक्ती यांना एकच उत्तर देता येत नाही. ओकसात्म्य म्हणजे सवयीचा विचारही येथेच येतो.

आठवे आयतन ‘राशि’ हे क्रमाने चौथे असले तरी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण आपल्या रुग्णाचे गणित तेथेच चुकले होते.

सर्वग्रह आणि परिग्रह : प्रत्यक्ष मापन

राशीचे दोन प्रकार आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण म्हणजे सर्वग्रह आणि त्यातील एकेका द्रव्याचे स्वतंत्र प्रमाण म्हणजे परिग्रह. मग डोळ्यांना दिसतो तो सर्वग्रह. परिग्रह दिसत नाही, तो मोजावाच लागतो.

त्या मायलेकी ज्या कृतीने केक करीत, तीच प्रचलित कृती मी औषधाच्या तराजूवर मोजून पाहिली. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरला आहे. मैदा ४ चमचे म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम, साखर ४ चमचे म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम, कोको २ चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम, तेल ३ चमचे म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम, दूध ३ चमचे आणि १ अंडे. या सर्वांची एकत्रित ऊर्जा सुमारे ८०० किलोकॅलरी होते. ७० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी धरली, तर ही तीन ते साडेतीन भाकरींची ऊर्जा झाली. जेवणात भाकरी मोजून खाणाऱ्या आमच्या रुग्ण रात्री पावणेअकराला नकळत तीन भाकरींहून अधिक आहार घेत होत्या.

परिग्रह अधिक बोलका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दिवसास सुमारे २५ ग्रॅमपर्यंत आणावी. येथे एका मगमध्येच जवळजवळ त्याच्या दुप्पट साखर आहे. आणि एकूण ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा साखरेचाही नाही, तो तेलाचा आहे. तीन चमचे तेलाने सुमारे ३६५ किलोकॅलरी येतात. खाणाऱ्याला तेल जाणवत नाही, फक्त केक ‘मऊ’ लागतो.

जुन्या काळी मात्रेला काही नैसर्गिक राखणदार होते. पाऊण तासाची खटपट, इंधनाचा खर्च, भांडी घासण्याचे काम आणि घरातील वाटेकरी. गोड खाण्याची इच्छा क्षणिक असेल तर ती एवढ्या वेळात ओसरून जाई, खरी भूक असेल तर टिकून राही. मायक्रोवेव्हने अग्नी बिघडविला नाही, त्याने हे राखणदार दूर केले. त्यांची जागा आता वैद्याच्या सल्ल्याने घ्यावी लागेल. या पदार्थाविषयी मला प्रामुख्याने एवढेच सांगावयाचे आहे.

मात्रायुक्त कृती

गुरू द्रव्य तृप्तीच्या अर्ध्यापर्यंत किंवा तृतीयांशापर्यंतच घ्यावे, या तत्त्वाला धरून घरी अनेकदा करून पाहिल्यावर पुढील प्रमाण समाधानकारक वाटले. मोठ्या मगऐवजी सुमारे १५० मिलिलिटरचा चहाचा कप घ्यावा.

कणीक २ मोठे चमचे (१६ ग्रॅम), कोको १ मोठा चमचा (५ ग्रॅम), साखर २ चहाचे चमचे (८ ग्रॅम), तूप किंवा तेल १ चहाचा चमचा (५ ग्रॅम), दूध २ ते ३ मोठे चमचे, बेकिंग पावडर चहाच्या चमच्याचा आठवा भाग. आवडीनुसार चिमूटभर वेलदोडा किंवा दालचिनी.

कोरडी द्रव्ये आधी कपात नीट मिसळावीत, कोकोच्या गुठळ्या मोडाव्यात. मग तूप व दूध घालून सैलसर कालवावे. फार घोटू नये, घोटल्यास केक चिवट होतो. पीठ कपाच्या निम्म्याच्या खालीच असावे, अन्यथा उतू जाते. कप फिरत्या तबकडीच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवल्यास तो फिरताना सर्वत्र उष्णता मिळते. ८०० वॉटच्या ओव्हनमध्ये केवळ मायक्रोवेव्ह पद्धतीवर ४५ ते ६० सेकंद पुरतात. वरचा भाग किंचित ओलसर दिसत असतानाच थांबावे आणि दोन मिनिटे तसेच ठेवावे, आतील उष्णतेने उरलेला पाक पूर्ण होतो. कृतीत अंडे नसल्यामुळे त्यासंबंधीची चिंताही उरत नाही.

या कपाची ऊर्जा सुमारे १७५ किलोकॅलरी होते, म्हणजे पूर्वीच्या मगच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. चव तेवढी गोड लागत नाही, परंतु कोकोचा स्वाद अधिक कळतो. कणकेऐवजी नाचणीचे पीठही चालते. मात्र त्यात ग्लुटेन नसल्याने केक भुसभुशीत होतो, म्हणून निम्मी कणीक मिसळावी.

कोणास द्यावा, कोणास टाळावा

निरोगी, व्यायाम करणाऱ्या, समाग्नी व्यक्तीने आठवड्यातून एखाद-दोन वेळा, दुपारी चार-पाच वाजता भूक असताना वरील मात्रेत घेतल्यास हरकत नाही. स्थौल्य व प्रमेहाच्या रुग्णास नित्य देऊ नये. क्वचित द्यावयाचा झाल्यास अर्धा कप आणि त्या दिवशीच्या आहारातून तेवढे पिष्टान्न वजा करून द्यावा.

अम्लपित्ताच्या रुग्णांनी, विशेषतः रात्री छातीत जळजळ होत असल्यास, तो टाळावा. चॉकलेट व स्नेह यांमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे आकुंचन शिथिल होऊन आम्ल वर येण्यास वाव मिळतो. निद्रानाश असलेल्यांनी सायंकाळनंतर घेऊ नये. १० ग्रॅम कोकोत सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम कॅफिन व सुमारे २०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते. अर्धावभेदकाच्या काही रुग्णांत चॉकलेटने वेग येतो, त्यांना प्रत्यक्ष विचारून ठरवावे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत खाण्याच्या सोड्याकडे लक्ष द्यावे. पाव चमचा सोड्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि मिठाची चव नसल्यामुळे ते हिशेबात धरले जात नाही.

औषधविक्रेते बंधूंसाठी काही सूचना

१) मधुमेहाच्या औषधाने अचानक साखर कमी होऊन घाम, थरथर, भोवळ अशी लक्षणे दिसू लागल्यास चॉकलेट वा केक देऊ नये. त्यातील स्नेहामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्धीवर असलेल्या रुग्णास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालयात पाठवावे. दुकानात बसणाऱ्या प्रत्येक साहाय्यकाला हे माहीत असावे.

२) साखरेऐवजी गोडी आणणाऱ्या गोळ्या पुष्कळ ग्राहक केकसाठी नेतात. अस्पार्टेम तापविल्यावर विघटित होऊन त्याची गोडी घटते, मग ग्राहक गोळ्या वाढवितो. सुक्रालोज तुलनेने उष्णता सहन करते. तथापि वजन कमी करण्याचे साधन म्हणून अशा द्रव्यांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचविले आहे. ही सूचना मधुमेही व्यक्तींसाठी नव्हती, हेही लक्षात ठेवावे.

३) मुले कडू चूर्ण घेत नाहीत म्हणून ते केकमध्ये शिजवून देण्याविषयी काही पालक विचारतात. तसे करू नये, असे स्पष्ट सांगावे. तापविल्याने द्रव्याचे गुण बदलू शकतात आणि मुलाने अर्धाच केक खाल्ला तर किती मात्रा गेली, हे कळत नाही.

४) काढा, अभ्यंगाचे तेल वा घृत मायक्रोवेव्हमध्ये ठेवावे का, असाही प्रश्न येतो. सोळापट पाण्यात मंदाग्नीवर अष्टमांश उरवून करावयाच्या क्वाथाला हा पर्याय नाही. तेल-तुपाचे पात्र गरम पाण्यात ठेवून कोमट करणेच बरे. झाकण बंद असलेली बाटली ओव्हनमध्ये कधीही ठेवू नये, ती फुटते. मधयुक्त अवलेह तर तापवूच नयेत.

५) वनौषधी मिसळलेली केकची तयार पिठे विकावयाची असल्यास ‘खाद्य सुरक्षा व मानके (आयुर्वेद आहार) विनियम, २०२२’ पाहावेत. आपली औषधे, धातुयुक्त कल्प व विषारी वनस्पती त्या व्याख्येत बसत नाहीत. ‘आयुर्वेदिक’ हा शब्द पाकिटावर छापल्याने साखर पथ्यकर होत नाही.

उपसंहार

त्या भगिनींना मी केक बंद करण्यास सांगितले नाही. प्रथम, पूर्वी दिलेल्या चुकीच्या सल्ल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. नंतर आई व मुलगी दोघींसमोर जुन्या कृतीतील साखर व तेल एका ताटलीत मोजून ठेवले. अठ्ठेचाळीस ग्रॅम साखरेचा ढीग पाहून त्या स्वतःच म्हणाल्या, “एवढी तर मी पुऱ्या आठवड्यात चहात घालत नव्हते.” पुढील योजना त्यांनीच ठरविली. रविवारी दुपारी, लहान कपात, एक केक दोघींत. रात्री जागताना मुलीला कोमट दूध आणि आईला लवकर झोप.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.२ आले. दरम्यान आधुनिक गोळ्यांत बदल नव्हता, काढा मात्र चालू होता आणि रात्रीची झोपही सुधारली होती. म्हणून सर्व श्रेय केकच्या मात्रेला देता येणार नाही, आणि एका रुग्णावरून सिद्धांतही मांडता येत नाही. परंतु रुग्णाच्या आहाराची नोंद रात्रीच्या शेवटच्या घासापर्यंत घ्यावी आणि ज्याचे कारण आपल्याला देता येत नाही असा निषेध करू नये, एवढे मी निश्चित शिकले.

प्रवरेच्या काठी याच गावात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्त आहाराचा विचार तेव्हापासून येथील लोकांना मराठीत उपलब्ध आहे. ‘युक्त’ या शब्दात वर्ज्य करणे जितके आहे, त्याहून मोजणे अधिक आहे. वैद्यबंधुभगिनींनी आपल्याकडील प्रमेह व स्थौल्याच्या रुग्णांना पुढील भेटीत एवढा एकच प्रश्न विचारून पाहावा : ‘रात्री जेवणानंतर कप किंवा मगमधून काय घेता आणि त्यात काय-काय घालता?’ उत्तरे कदाचित आपल्यालाही चकित करतील. आलेले अनुभव या अंकाच्या वाचकांसाठी अवश्य लिहून पाठवावेत, ही विनंती. इत्यलम्।